पारडं

वाळपईच्या आरोग्य केंद्रात
काट्यावर चढण्याआधी मी चप्पल काढली,
बांगड्या काढल्या, मग केसांतला
अबोलीचा वळेसरही काढून
सिस्टर आल्दिनाच्या टेबलावर ठेवला.
ती हसली. "बाय गो, फुलांचं वजन
मी धरत नाही."
काटा ब्याण्णववर जाऊन थांबला.
तिनं तो आकडा लाल पेनानं लिहिला,
माझ्या नावापेक्षा मोठा.

बाहेर बाकावरच्या बायका
मला जागा द्यायला सरकल्या,
जरा जास्तच सरकल्या.

सोळाव्या आठवड्यात रक्तात साखर निघाली.
भात अर्धा, म्हणाल्या लवंदे डॉक्टर,
पोदेराचे पाव बंद, मणगणं तर विसराच.
नाहीतर बाळ नको तेवढं वाढेल,
तुमचा बीपी चढेल, आणि जन्मल्या जन्मल्या
त्याचीच साखर उतरेल.
घरी मावशी म्हणाली, "दोन जिवांची आहे,
खाऊ दे तिला."
दोघींच्या मध्ये ताट घेऊन मी बसले.

मग डॉक्टरांनी विचारलं,
"तुमचं जन्माचं वजन किती होतं?"
असं कुणी विचारतं का?

म्हाऊसला आई आमसुलं वाळत घालत होती.
हात लाल, कोपरापर्यंत.
"तुला दामबाबच्या दुकानात नेलेली," ती म्हणाली.
"एका पारड्यात तू, फडक्यात गुंडाळलेली,
दुसऱ्यात दोन किलोचं लोखंड.
तुझं पारडं वरच.
मग त्यानं ते फडकं सोडवून
वेगळं तोललं, वजा केलं.
दुकानदारच तो."

आणि तू? तू किती होतीस तेव्हा?

तिला कुणी तोललंच नव्हतं.
सातवा सरेपर्यंत ती खाणीवर होती,
डोक्यावर मातीचं घमेलं.
मुकादम घमेली मोजायचा.
घमेल्याखालची बाई
त्याच्या वहीत नव्हती.
"संध्याकाळी पेज असायची," ती म्हणाली,
"शितं तुझ्या भावाला,
निवळ मला."
आणि एक आमसूल उलटून ठेवलं,
जे आधीच उलटलेलं होतं.

लवंदे डॉक्टरांनी ऐकून पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, पोटात उपास घडलेलं बाळ
बऱ्याचदा तेव्हाच शिकून घेतं:
मिळेल ते साठव, उद्याचा भरवसा नाही.

म्हणजे डोळे उघडण्याआधीच
मी हा हिशेब पाठ केला होता,
आणि बत्तीस वर्षांत माझ्या अंगाला
कुणी जाऊन सांगितलंच नाही
की टंचाई संपली.
जाडे म्हणून शाळेत चिडवलं,
लग्नात चोळी दोनदा उसवली,
सगळ्यांनी मला खादाड म्हटलं,
मीही म्हटलं.

"तरी भात अर्धाच," डॉक्टर म्हणाल्या.

आई येऊन राहिली.
रोज तिन्हीसांजेला आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत चालायचो,
ती पुढे, काडीसारखी,
मी मागे धापा टाकत.
बोट टोचून यंत्रात आकडा बघायला
ती माझ्याआधी शिकली.
जेवताना भाताचा डाव ताटावर यायचा,
थांबायचा.
आयुष्यभर ज्या हातानं दुसऱ्यांना जास्त वाढलं
त्याला कमी वाढणं जमत नव्हतं.
डाव मागे न्यायची. पुन्हा आणायची.
एकदा म्हणाली, "तुला उपाशी ठेवायची
ही दुसरी खेप माझी,"
आणि चुलीकडे तोंड फिरवून बसली.
मी अर्धी नाचणीची भाकरी तिच्या ताटात टाकली.
काय बोलणार?

बांबोळीला, अडतिसाव्या आठवड्यात,
पोट चिरून मुलगी काढली.
तिच्या इवल्याशा टाचेतून
तीन वेळा रक्त घेतलं. रडली, मग थकली.
साखर पहिल्यांदा कमी, मग ठीक.
नर्सनं वजन वाचलं:
तीन किलो एकशे चाळीस.

आई दाराशी उभी होती,
पदर कमरेला खोचून,
जणू कुणाशी भांडायला आलीय.
"बाय," तिनं नर्सला विचारलं,
"फडकं वजा केलंत ना?"