एकतीस काड्या

डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही,
आठ दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.
धनुष्य आणायचं नाही असं काही ते म्हणाले नव्हते,
म्हणून झनकमामानं देवलापारहून येताना
जुन्या लुगड्यात गुंडाळून कामठा आणलाच.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे जी?
मामा म्हणाला, म्हातारीची काठी.

आता तो मानकापुरात माझ्या गच्चीवर बसलाय,
उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
पुढ्यात बांबूच्या एकतीस काड्या,
मागं खाच पाडलेल्या, पिसं न बांधलेल्या.
कामठीच्या बुरडाकडून मीच आणल्या.
"कामठ्याच्या काड्या कामठीहून," म्हणून एकटाच हसला.

एकेक काडी तो गालाला लावतो,
दोन्ही टोकं धरून जराशी दाबतो,
पोराच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा तसा.
गाठीपाशी अंगठा थांबतो.
मी म्हणते, मामा, दोन खिळ्यांवर ठेवू,
मधे किलोचं माप टांगू, किती लवते ते लिहून काढू.
मी वीज कंपनीत मीटर तपासते, मला आकडा लागतो.
"लिव ना तुह्या वहीत. म्या कुठं नाही म्हनलं?"
लिहिलं.
तीन काड्यांवर त्याच्या बोटांचं आणि माझ्या वहीचं
अजून पटलेलं नाही.

लोकांना वाटतं तीर सरळ जातो.
सुटताना त्याच्या वाटेत कामठाच उभा असतो,
ज्यानं ढकललं तोच आडवा.
मग तीर कंबरेत लवतो, त्याला वळसा घालतो,
पलीकडं माशासारखी दोनदा शेपटी हलवतो,
तेव्हा कुठं सरळ होतो.
ताठ असला तर डावीकडं भरकटतो,
फार कोवळा असला तर उजवीकडं.
"निबर कोन, कवळा कोन,
हे कामठ्यालेच इचारा लागते.
दुसऱ्या कामठ्यावर हाच तीर शहाना निंगन."

ओढायचं मला.
समोर पोत्यात गेल्या वर्षीच्या कूलरच्या ताट्या ठासल्यात,
मागं पाण्याची टाकी, म्हणून घाम.
पहिला: खट्.
"घासला. ठेव बाजूले."
त्यानं पाहिलंही नव्हतं,
माझ्याकडं होता तो पट्टीचा डोळा.
चौथा दोरीवरच्या चादरीखालून
थेट वासनिकबाईंच्या पापडांत.
मी हात जोडले, मामानं जोडले नाहीत.

अकराव्याला आवाज झाला नाही.
म्हणजे दोरीचा झाला, पोत्याचा झाला,
मधला झाला नाही.
मामा मान न हलवता म्हणाला, "हा."
आणि पोत्यातून वाळ्याचा वास आला,
मागच्या मे महिन्यातल्या
पडदे ओढलेल्या दुपारीचा.

मी विचारलं, यानं शेवटचं काय मारलं होतं?
त्याला वेळ लागला, आठवायला की सांगायला कोण जाणे.
"ससा. तुही माय बाळंतीन होती.
तिले रस्सा पाह्यजे होता.
मंग नाही उचलला."
आईला मूल एकच.
मी पुढची काडी खाचेत बसवली.

चार राहिल्या.
बाकीच्या टमाट्यांना टेकू दिल्यात, बऱ्या आहेत तिथं.
चौघींना पिसं बांधायची, पट्टी निघाल्यावर.
तोवर टाकीखालची कबुतराची गोळा करतोय,
नाक मुरडत.
"पुढच्या साली हे बी चालनार नाहीत," म्हणाला.
"कामठा थकते. तीर हाय तसाच ऱ्हायते.
मंग तीर घासून कवळा करा लागते."

मी वहीत आजची तारीख घातली,
मीटरच्या तक्त्यावर घालते तशी.
पुढची तपासणी कधी, तो रकाना कोरा सोडला.
मामा थेंबांची बाटली शोधत होता.
ती त्याच्या खिशातच होती.