पेव उघडताना

शुक्रवारी रात्री तक्ता बदलला.
‘पेव_क्रमांक’ हा रकाना गेला,
त्या जागी आला ‘शीतगृह_कक्ष’.
सांगलीचा बाजारच बदलला होता,
रकान्याचं काय घेऊन बसलात.

शनिवारी साडेदहाला हळदीचा सौदा सुरू
आणि पडद्यावर लाल अक्षरं:
पेव_क्रमांक सापडत नाही.

डेटाबेसला विचारलं, तो म्हणाला, असलं काही माझ्याकडे नाही.
कोड चाळला, तिथेही नाही, मीच पुसलेलं, नीट.
मग मागतंय कोण?

मागत होती मधली आठवण.
तक्त्यांचा नकाशा एकदा वाचून
पोटाशी धरून बसलेली,
परत परत कशाला विचारायचं, म्हणून.

शिवाप्पा कोरे दारात उभे, हातात पावत्यांचा गठ्ठा.
हयात हरिपूरच्या पेवांवर गेलेली.
“काय झालंय, ताई?”
सांगितलं. कळेल असं वाटलं नव्हतं.
“म्हंजे पेव कवाच मोकळं झालंय,
आन् वही अजून भरल्यालंच दावतीया.”
हो, तेच.
“मग फाडा की वही.”

विहंगने फाडली. आमचा नवा पोरगा.
एकच ओळ: नकाशा विसर.
पण लिहिली ती प्रत्येक विनंतीच्या तोंडाशी.
चूक गेली, सोबत वेगही गेला.
एका वजनाची पावती निघेपर्यंत
मार्केट यार्डात चहा यायचा, निवायचा, साय धरायचा.
दर पावतीला यंत्र सगळं विसरत होतं
आणि एकशे सोळा तक्ते पहिल्यापासून गिरवत होतं.
व्यापारी ओरडले.
अडते हसले, ते जास्त लागलं.

“पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतंय,” शिवाप्पा म्हणाले.
“आत कोंडल्याली हवा असती, वासाला ग्वाड.
झाकण काढायचं, दिवसभर तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
इझला, तर थांबायचं.
माझा मावसभाऊ थांबला न्हाई.”

एवढंच. परत पावत्या मोजू लागले,
थुंकी लावून, एक एक.

संध्याकाळी मी ती ओळ तिथून उचलली,
तक्ता बदलणाऱ्या कामाच्या शेपटीला बांधली:
बदल झाला की एकदाच विसर,
तिन्ही सर्व्हरांवर, मग गप्प बस.
आणि त्यामागे सोडली एक खोटी विनंती,
कुठल्याच शेतकऱ्याच्या नावाची नसलेली.
ती जिवंत परत आली, तरच दार उघडायचं.
कोडमध्ये तिचं नाव ठेवलं कंदील.
विहंगने विचारलं, का? म्हटलं, असंच.

पहिली खरी पावती सावकाश आली, चार सेकंद.
दुसरी, पापणी लवायच्या आत.

सोमवारी कुणीतरी विचारलं, माल कुठाय?
पडद्यावर स्पष्ट होतं: कक्ष सात.
शिवाप्पांनी न बघताच हात केला
नदीकडे, हरिपूरच्या अंगाला:
“थोरल्या पेवात हाय.”
हमालाने बरोबर सात नंबरचं दार उघडलं.

मी काही दुरुस्त केलं नाही.