प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं

टिळक रोडच्या त्या सभागृहात पंखे अजून तेच,
मधला करकरतो.
व्यासपीठावर सोवनी सर, पडद्यावर जग,
हातातून सुटलेला लाल ठिपका
जपानवर टेकला: "म्हातारा देश."
चीनवर थांबला: "श्रीमंत होण्याआधीच म्हातारा."
रशियावरून भुर्रकन गेला,
आपल्यावर आला आणि तिथेच नाचत राहिला.
"आपण अठ्ठावीस वर्षांचे आहोत. शतक आपलं आहे.
फक्त जननदर सांभाळा, दोनच्या खाली घसरतोय."
टाळ्या पडल्या,
बहुतेक सत्तरीपुढच्या हातांच्या.

मीही वाजवल्या. सवय आहे.
ब्याऐंशी साली इथेच, चौथ्या रांगेत,
खात्याने आम्हा नर्सबायांना आणून बसवलं होतं.
तेव्हाचे तज्ज्ञ खडूने लिहायचे.
त्यांची रेघ वर वर चढत फळा संपला,
तर उरलेली त्यांनी भिंतीवर काढली.
आम्ही हसलो. मग घाबरलो.
"दोन हजार साली पुण्यात उभं राहायला जागा नसेल!"
दोन हजार साली मी कर्वेनगरात दीड खोली घेतली, हप्त्याने.
उभं राहायला जागा होती.
बसायला वेळ नव्हता.

पण तेव्हा मी ती रेघ घेऊन लोहियानगरात फिरले,
नळाच्या रांगेत, भट्टीच्या धुरात, चाळणीएवढ्या खोल्यांत.
मार्च आला की टार्गेट.
केसमागे बाईला एक स्टीलचा डबा, झाकणासकट.
माझ्या वहीत दोनशे अकरा नावं.
दोनशे अकरा वेळा मी त्या रेघेचं टोक धरून
खाली ओढलं, असं मला वाटायचं,
आणि रात्री झोप छान लागायची.

एकशे सदतिसावी शेवंता आवळे. वय तेवीस, मुलं दोन.
तिने विचारलं, "बाई, ही दोन जगतील ना?"
मी सभागृहात ऐकलेलं सांगितलं,
"आता बालमृत्यू कमी होतायत."
आकडा खरा होता.
तिची दोन्ही त्याच्या बाहेर पडली,
एक जुलैत जुलाबाने, एक दिवाळीच्या आत तापाने.
ती भांडली नाही.
डबा परत आणून माझ्या टेबलावर ठेवला.
घासून.

"थोडक्यात विचारा हं, आजी," माईक घेऊन आलेला पोरगा म्हणाला.
थोडक्यातच विचारलं.
"सर, माझा अमोघ श्टुटगार्टला असतो,
तो जर्मनीच्या रकान्यात की आपल्या?
आमच्या वरच्या मजल्यावर बापट पडून असतात,
त्यांची कूस बदलायला उदगीरची एकोणीस वर्षांची मुलगी येते,
बारा तास, रविवार धरून.
तुमच्या लाभांशात ती कुठे बसते?
आणि ब्याऐंशीच्या सरांची ती भिंत
रंगवली कुणी?"

लोक हसले. सरही, मनापासून.
"छान प्रश्न," म्हणाले, "पण स्थलांतर हा वेगळा विषय,
आणि शास्त्र आपल्या चुका सुधारतच असतं."
असेल. मी खाली बसले.
शेवंताचं विचारायचं राहिलं.
तोंडाशी आलं होतं, पण ते प्रश्नासारखं
बोलता येईना.
पुढच्या गृहस्थांनी तैवानचं विचारलं.

हॉल रिकामा झाला तरी तो पोरगा
लाल ठिपका छतावर, करकरणाऱ्या पंख्यावर,
मग माझ्या पदरावर पाडत खेळत होता.
"भावंडं किती रे?"
"एकटाच."
"का?"
"काय माहीत! आईला कधी विचारलं नाही."
"आज विचार," म्हटलं.
"ती भांडी घासत असेल तेव्हा विचार, नीट सांगेल.
आणि मग सरांना कळव."
तो म्हणाला, सरांचा नंबर नाही माझ्याकडे.