सूर, ओमान

खलफान पाइपाला कान लावायचा.
"चौथीचा घसा बसलाय," म्हणायचा,
आणि खरंच, दोन दिवसांत
त्या रांगेतल्या पडद्यांवर
शेवाळाची साय धरलेली असायची.

आता स्क्रीन सांगतो, नऊ दिवस आधी:
लाल भरती येतेय. दाब उतरवा. मंगळवारी धुवा.
वीज वाचते.

निवृत्त खलफान भेटायला आलाय.
झुवैना त्याला आलेख दाखवते:
अकरा वर्षं त्यानेच वहीत टिपलेले आकडे,
त्यांवरच यंत्र शिकलं.

तो चष्मा पुसतो.
"हे तीन दिवस? मी कोरे सोडले होते.
आई गेली तेव्हा."

"तिथे त्यानं सरासरी भरली, काका."

बराच वेळ पंपच बोलतात.
मग ती नळाखालचा पेला पुढे करते.
तो एक घोट घेतो.

"अळणी आहे," म्हणतो.