माझा अर्ध्या तासानं टाक

आखाजीला आम्ही बहिणी माहेरी आलो,
चोपड्यापासून नऊ किलोमीटर.
गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं
तरी रात्री गोधडी गरमच.

पहाटे मायनं चहाचं आधण ठेवलं
तर रत्नाक्का म्हणाली, माझा अर्ध्या तासानं टाक.
ज्योत्स्ना म्हणाली, माझाही.
नूतनवहिनी काही बोलली नाही,
फ्रिजवरच्या डब्यातून तिनं पदराआड
एक गोळी काढली.
मग पर्समधून, रुमालाच्या गाठीतून
निघाल्या तशाच बारक्या,
एकीची पन्नासची, एकीची पंचाहत्तरची,
माझी शंभरची, बाटलीतली.
शाळेत एकाच रंगाच्या रिबिनी लावून आल्यावर
बघायचो तसं बघितलं एकमेकींकडे.

तुला कधीपासून?
तन्मयच्या बाळंतपणापासून.
मला सात वर्षं. सासूबाई म्हणायच्या,
बसली की उठत नाही, आळशी आहे.
वहिनी म्हणाली, दोनदा पोटात राहिलं नाही
तेव्हा कळलं.
तुमच्या भावाला सांगितलंय,
व्हिटॅमिनची आहे.

चहा आटून गेला. कोणी उतरवला नाही.

दुपारी अंगणात मांडे.
मायच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत
पोळी लोंबायची, आरपार दिसायची.
यंदा फाटली. पुन्हा फाटली.
हात जड झालेत, म्हणाली.
खापराखाली कपाशीच्या पऱ्हाट्या भडकलेल्या
आणि मायच्या अंगात अण्णांचा जुना स्वेटर.
दोन वर्षं झाली, आम्ही हसतो त्याला.
ती म्हणते, 'थंडी वाजस माले.'
आम्ही म्हणतो, भुसावळला नेऊन सोडू मग तुला.

तिनं तांब्या उचलला, वरून पाणी प्याली.
मान मागे. पोतीच्या काळ्या मण्यांखाली
लिंबाएवढं काहीतरी
घोटाबरोबर वर गेलं,
खाली आलं.
चौघींनी पाहिलं.
किती वर्षं ही आमच्यासमोर पाणी पितेय.

झोक्यावर रत्नाक्काची सायली, अकरावीतली.
सकाळी तिच्या उशीवरचे केस
मी गोळा करून खिडकीतून टाकले होते.

उद्या चोपड्याला जाऊ, मी म्हटलं,
रक्त द्यायचं. सकाळी, काही न खाता.
मायनं पिठाचे हात स्वेटरला पुसले.
'उपाशी ऱ्हावानं ना? ते येस माले.'
मांडा खापरावर टाकला,
अर्धा आत, अर्धा बाहेर,
आणि झोक्याकडे हनुवटी करून म्हणाली,
'तिले बी लई चला.'