वेबिल

यावल आगारात एकतीस वर्षं
तिकिटं फाडली. निम्मं तिकीट, पासवाला, सुट्यांची भांडणं,
सगळं रात्री वेबिलात बसवलं.
आता चमचे मोजतो.

वारके मॅडमनी फोनात ते बसवून दिलं,
जळगावला, रेडिएशनच्या अकराव्या दिवशी.
म्हणाल्या, काका, रोज यात लिहा,
काय दिलं, किती गेलं, किती परत आलं.
पुढचं ते सुचवेल.
माझी सुरुवात, घरात लायटर कुठे असतो, इथपासून.

पहिल्याच सकाळी त्यानं सांगितलं :
तोंडात फोड असल्यास पिकलेलं केळं कुस्करून द्यावं.
द्वारका हसली. हसताना ओठ फाटला, तरी हसली.
'फैजपुरात राहून
केळ सांगाले यंत्र लागलं व्हय?'

शिकलो. मुगाचं कढण दोनदा गाळायचं.
शेंगदाणे भिजवून, सोलून, त्यांचं दूध.
गरम नाही, कोमट.
मिरचीला लागलेला चमचा धुतला तरी नको.
ती म्हणायची, सगळ्याला लोखंडाची चव येते,
मी तेही लिहायचो.
रात्री दोनला विचारलं तरी ते चिडत नाही.
मी रात्रीच्या गाडीत फार चिडायचो.

गुरुवारी तिनं दोन चमचे घेतले आणि भिंतीकडे वळली.
मी दोन वाट्या लिहिल्या.
का, ते विचारू नका.
आलेख वर गेला, मला जरा झोप लागली.

शनिवारी काट्यावर अडतीस किलो चारशे.
त्यानं लिहिलं : नोंद आणि वजन जुळत नाही.
एकतीस वर्षांत चेकरला माझ्याकडे
एक रुपया सापडला नव्हता.
खोडलं. दोन चमचे केलं.
म्हणालं, आजच मॅडमना फोन करा,
हे मी एकट्यानं ठरवण्यासारखं नाही.
मॅडमनी औषध बदललं. नळीबद्दल बोलल्या.
फोन स्पीकरवर होता. चूक माझी.

संध्याकाळी द्वारकानं तो स्वतः हातात घेतला,
पहिल्यांदाच. त्याला म्हणाली : बिबडे.
घशातून आवाज निम्माच निघाला.
ते म्हणालं : बिबट्या दिसल्यास वनविभागाला कळवा.
'बि. ब. डे.'
मग सांगत गेली, थांबत, घोट घेत :
दादर तीन दिवस भिजवायची, पाणी रोज बदलायचं,
चौथ्या दिवशी कांडायची, चाळायची, रटरट शिजवायची,
तो घाटा.
खाटेवर बिबडे पडायच्या आधी
पोरं वाटी घेऊन बसतात, तो. वर कच्चं तेल.
त्यानं विचारलं, तिखट किती?
'येडं आहे हे,' ती म्हणाली.
त्यानं कॅलरी काढल्या, अंदाज आहे म्हणाला,
मॅडमना विचारून घ्या.
मॅडम म्हणाल्या, तिखट नको, चाळणी बारीक घ्या, चालेल.

तीन दिवस घरात आंबूस वास.
चौथ्या दिवशी घाटा मनगटावर उडाला, फोड आला,
आता दोघांनाही.
खाटेवरून ती : गुठळी राहिली. हलवा.

सात चमचे.
आठवा परत आला, तो वेगळा लिहिला.
खाली रोजचा प्रश्न : चव कशी वाटली?
फोन तिच्या तोंडापुढे धरला.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
'मीठ जास्त झालं.'

मी भांडं तसंच टाकून
वाटी चाटून पाहिली.
झालं होतं.