माया

डॉलगेथ्लायच्या पुलाजवळ माझं शिलाईचं दुकान.
शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस
मी पोरांचे स्कर्ट आणि विजारी उसवते, खाली सोडते, पुन्हा टाचते.
वाढत्या अंगाचं शिवायचं तर आत माया ठेवावी लागते,
दोन बोटं तरी.
बाप उंच असेल तर तीन.

मारेदच्या गुडघ्यावरची सूज
आधी आम्ही फुटबॉलच्या नावावर खपवली.
मग बर्मिंगहॅम. मग ती खोली,
जिथे खुर्च्या नको इतक्या मऊ असतात.
कुणी शंभरातली किती वाचतात ते सांगितलं,
कुणी केस कितव्या दिवशी गळतील ते.
गेथिन हातातल्या पार्किंगच्या चिठ्ठीवरची वेळ
पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

हॅडलोबाई तेवढ्या भलतंच विचारत होत्या.
तुमची उंची? यांची?
तुम्हाला न्हाण कितव्या वर्षी आलं? तुमच्या आईला?
मारेदच्या मनगटाचा एक्स-रे दिव्यावर धरून
त्यांनी हाडांमधल्या फटी पाहिल्या,
पेन्सिलीने गणित केलं आणि म्हणाल्या,
अजून सहा सेंटिमीटर वाढेल.

वाढेल.
त्या दिवशी त्या इमारतीत
भविष्यकाळ एकट्या त्यांच्या तोंडी होता.

टेबलावर त्यांनी नमुना ठेवला.
धातूच्या नळीत नळी,
आत लोहचुंबक, नखाएवढी दातेरी चाकं,
आणि त्यापुढे सहा सेंटिमीटर
काहीच नाही.
ते काहीच-नाही मला लगेच ओळखू आलं.
गेथिनला नाही. तो किंमत कोण देणार ते विचारत होता.

पहाटे चारला निघतो.
गेथिन एरवी दुधाचा टँकर चालवतो, वळणं त्याला पाठ.
मारेद मागे झोपते, पाय सीटवर आडवा,
पुरता दुमडत नाही तो.
कार्लटन तिची मांडी एका जाड कड्यात ठेवतो.
पहिल्या खेपेला माझ्या कोटाच्या कॉलरला टाचण्या होत्या.
म्हणाला, बाई, त्या आधी बाहेर.
मग बटण. मग गुणगुण.
आत चुंबक फिरतं, चाकं हजारदा फिरतात
तेव्हा कुठे केसभर सरकतं.
सोळा मिनिटांत चार मिलिमीटर.
तेवढ्यात ती त्याला वेल्श शिव्या शिकवते,
तो उच्चार मुद्दाम चुकवतो.

दुखतं रात्री.
हाड ताणलं जात नाही, हाड तिथे नाहीच.
ताणलं जातं ते बाकीचं,
स्नायू, शिरा, कातडी,
जे जे जिवंत आहे ते.
ती उशीचं टोक दातात धरते, मी तळवा चोळत बसते.
"तो पाय फुकट वाढतो," एकदा म्हणाली,
"याला पेट्रोल लागतं."

दोन खेपांच्या मध्ये तो फुकटचा पुढे पळतो.
मग दुसऱ्या बुटाखाली बुचाची चकती,
आणि विजारीची एक बाजू मी आत घेते.
चकती निघाली की पुन्हा सोडते.
शिवणीच्या जुन्या भोकांची रांग
इस्त्रीनेही जात नाही.
मी ती घालवायचा प्रयत्न सोडलाय.

बारा खेपा झाल्या. ती चौदाची झाली.
गेल्या मंगळवारी मनगटाचा नवा फोटो पाहिला,
फटी मिटलेल्या.
वाढ संपली, हॅडलोबाई म्हणाल्या,
नळीत बारा मिलिमीटर उरले,
माझा अंदाज जरा जास्तच झाला.
ओशाळल्या होत्या चक्क.
छातीची तपासणी अजून दर सहा महिन्यांनी आहेच,
ते मला माहीत आहे, त्यांनाही.
मला त्यांना सांगायचं होतं की
उरते ती उरू द्यायची असते,
कापून टाकणारी बाई मी कामाला ठेवत नाही.
पण इंग्रजीत मायेला
नुसतं जास्तीचं कापड म्हणतात.
मी त्यांचा हात धरला, जरा जोरातच.

परतताना मारेदला विचारलं,
त्या बाराचं काय करायचं गं?
"असू दे," म्हणाली. "खिशात चिल्लर असावी."
आणि पुढच्या पंपावर थांबायला लावून
चिप्स मागितले.
व्हिनेगर जास्त.